खरादीवरचा शेंदूर

बानूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक हटकून विचारतात, "शिकलेली होती का हो?" नव्हती. झरीच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. लग्न होईपर्यंत तिने लोखंडाचं एकच हत्यार चालवलं होतं, लोकर कातरायची कातर. अशा बाईने परभणीत, निजामाच्या अमलात, साठ-सत्तर वर्षांच्या एका विलायती यंत्राचा झिजलेला पाट आपल्या हातांनी सरळ केला. कुणाचा विश्वास बसत नसेल तर बसू नये. मी त्या वर्षी हैदराबादच्या कॉलेजातून आजारी होऊन घरी आले होते आणि हे सगळं सव्वा-दीड महिना समोर बसून पाहिलं आहे.

किशनरावांचा कारखाना स्टेशनच्या पलीकडे होता. कापसातून सरकी वेगळी करायची जिनिंग, पण सगळे तिला नुसतं 'जिन' म्हणत. माझे वडील दिनकरराव, आमचे नाना, तिथले मॅनेजर. आम्ही जिनाच्या आवारातच राहायचो. आवाराच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती आणि तिच्यातल्या शेवटच्या खोलीत बानूबाई आणि तिचा नवरा मल्हारी. मल्हारी मूळचा बोरीकडचा. मेंढरं सोडून कोवळ्या वयात जिनात तेल घालायला लागला आणि शिकत शिकत खरादीवरचा मिस्त्री झाला.

खराद म्हणजे काय ते आता सांगायलाच हवं. हल्ली लेथ म्हणतात ती. लोखंडाचा एक लांब पाट असतो. त्याच्या एका टोकाला गरगर फिरणारं डोकं, दुसऱ्या टोकाला टेकण, आणि पाटावरून मागेपुढे सरकणारी एक गाडी, जिच्यात धारेचं हत्यार बसवतात. डोकं आणि टेकण यांच्यामध्ये वस्तू अडकवली की ती फिरते, गाडी सरकते आणि वस्तू गोल कातली जाते. एवढं कळलं तरी पुरे.

जिनातल्या प्रत्येक यंत्रात दोन-सव्वादोन हात लांबीचे चामड्याचे रूळ असत. कापूस यायच्या आधी ते सगळे खरादीवर कातून सारखे करावे लागत. रूळ एका टोकाला जाड राहिला की तिथे सरकी फुटते आणि बारीक टोकाला कापूस सरकीला चिकटलेला तसाच बाहेर पडतो. ही गोष्ट चव्वेचाळीस सालची, आणि नेमकं हेच झालं होतं. आदल्या हंगामात फुटक्या सरकीचा माल गेला आणि व्यापाऱ्यांनी किशनरावांना नाही नाही ते ऐकवलं.

पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी किशनराव एक जुना रूळ खांद्यावर टाकून खरादीच्या खोलीत आले. स्वतःच्या खांद्यावर. त्यावरूनच कळलं की आज काही खरं नाही.

"मल्हारी, हा रूळ आहे का मुळा?"

मल्हारी उभा राहिला. "मालक, पाट झिजलाय. डोक्यापाशी गाडी खाली बसायलीय. तिथं हत्यार खाली जातंय, मंग रूळ जाड राहतोय."

"पाट झिजला का तुझे डोळे?"

मल्हारीने नुसता रुळाच्या टोकावरून अंगठा फिरवला. किशनरावांना तेवढी कबुली पुरली.

खरं काय होतं ते मी सांगते, उगीच रहस्य करत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पाट झिजलाच होता. आणि मल्हारीचा उजवा डोळा तीन वर्षांपूर्वी लोखंडाचा कीस उडून गेला होता, डाव्यात मोतीबिंदू उतरत होता. वरून डोळे धड दिसायचे, तो अंगठ्याने चाचपून काम करायचा आणि हे त्या वेळी बानूबाईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

लढाई चालू होती. विलायतेहून नवी खराद सोडाच, खिळा येणं मुश्कील. किशनरावांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, "दसऱ्यापर्यंत मोहलत. दसऱ्याला इंजिन चालू करायचं, माझ्यासमोर ह्याच खरादीवर रूळ कातायचा. दोन्ही टोकं सारखी आली तर राहा. नाही आली तर खराद भंगारात, कातकाम जालन्याच्या मिस्त्रीकडे, आणि तू खोली रिकामी कर."

ते गेल्यावर मल्हारी बाकावर बसला. "बोरीला जाऊ," म्हणाला. "भावाची मेंढरं हायत."

"आन तुमी राखणार?" बानूबाई म्हणाली. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "तुमाला समोरचं कुत्रं दिसत न्हाई."

"मंग मेंढरं मला राखतील."

"ते ऱ्हाऊ द्या. पाट सरळ कसा करतेत ते सांगा आधी."

"सांगून काय? ते डोळ्याचं काम हाय."

"डोळे हायत की मला. दोन हायत."

असं ते सुरू झालं. बायकोच्या हातात कानस द्यायची म्हणजे मल्हारीला मरण वाटत होतं. त्याने आधी परीक्षा म्हणून तिला एक बारकं काम दिलं. खरादीच्या एका दातेरी चाकाचा दात तुटला होता. तुटक्या जागी खाच कोरायची, तिच्यात पोलादाचा तुकडा ठोकून घट्ट बसवायचा, आणि मग शेजारच्या दातासारखा आकार येईपर्यंत घासायचा. बानूबाईला चार दिवस लागले. मल्हारीने नव्या दातावरून अंगठा फिरवला, जुन्यावरून फिरवला, पुन्हा नव्यावरून फिरवला आणि म्हणाला, "हं." त्याच्या तोंडून 'हं' म्हणजे फार झालं. मला तर वाटतं लग्नानंतरचं ते पहिलंच कौतुक असावं.

मग पाट. यंत्राबरोबर विलायतेहून आलेली एक लांब, जाड सरळपट्टी होती. ती वाकू नये म्हणून मल्हारीने वीस वर्षं तेलाच्या फडक्यात गुंडाळून भिंतीवर उभी टांगून ठेवली होती. तिला तेलात कालवलेला शेंदूर पातळ फासायचा आणि पट्टी पाटावर उलटी ठेवून हळूच मागेपुढे करायची. पाटाची जी जागा उंच असेल तिथे शेंदूर लागतो. खोल जागा कोरडी राहते.

"लाल लागलं तेवढंच खरवडायचं," मल्हारीने सांगितलं. "कोरडं ऱ्हाईल त्याला बोट सुदीक लावायचं न्हाई. मंग पुन्यांदा शेंदूर, पुन्यांदा खरवड."

"किती बारी?"

"समद्या पाटाला सारखे ठिपके येईस्तोवर."

खरवडायचं हत्यार त्याने जुन्या कानशीचं तोंड घासून बनवलं. शेंदूर आणायला बानूबाई स्वतः बाजारात गेली. एवढा शेंदूर बघून वाण्याने विचारलं, "कोणता देव बसवताय?" ती म्हणाली, "घरातलाच हाय, लय दिसांपासून रुसलाय."

पहिल्याच आठवड्यात तिने घोळ घातला. डोक्यापाशी पाटाला गंजाचे बारीक खड्डे पडले होते. घाण दिसली की साफ करायची हा बाईचा हात. तिने ते खड्डे घासून चकचकीत करून टाकले. मल्हारीने तळहात फिरवला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे काय केलंस?"

"गंज काढला."

"आगं, तिथंच तर पाट खाली गेलाय! ती समद्यात खोल जागा, आन तू आनखीन खोल केलीस! लोखंड भरता येत न्हाई, बानू. आता बाकीचा समदा पाट त्याच्या पातळीला उतरवावा लागंल."

मला वाटलं आता ही रडणार. ती पदराने हात पुसत म्हणाली, "मंग उतरवू की. पाट कुठं पळून चाललाय?"

पण एक प्रश्न तिने विचारला. गंज तिथेच का? बाकी पाट तर तेलकट आहे. तेव्हा मल्हारी हसला, कडवट. दर वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, आणि मालकाचा पहिला नारळ खरादीच्या पाटावर, बरोब्बर त्या जागी फुटायचा. किशनरावांच्या वडिलांपासूनची चाल. पाणी पाटावरून ओघळायचं, कुंकू आणि अक्षता गाडीखाली जायच्या, आणि प्रसाद वाटण्याच्या गडबडीत पुसायचं कुणाच्या लक्षात यायचं नाही. तांदळाचे दाणे आणि नारळाचं पाणी घेऊन ती गाडी वर्षानुवर्षं पाटावर घासत होती. म्हणजे यंत्राचं वाटोळं भक्तीनेच केलं होतं. हे ऐकून मी नानांशी भांडले. नाना म्हणाले, "मालकाला कोण सांगणार?" आमच्या घरात बऱ्याच गोष्टी ह्या प्रश्नाशी येऊन थांबत.

पुढचा महिना बानूबाईने वाकून काढला. दोन्ही हातांनी हत्यार धरायचं, अंगाचा भार द्यायचा आणि राईएवढा कीस काढायचा. मग पट्टी, मग शेंदूर, मग पुन्हा तेच. मनगटं सुजली की हळदीचा लेप लावून फडकं बांधायची. मल्हारी शेजारी बसून हत्याराला धार लावून द्यायचा आणि सारखा विचारायचा, "किती ठिपके?" ती सांगायची. काही दिवसांनी ती पट्टी लावायच्या आधीच तळहाताने सांगायला लागली की इथे उंच आहे.

मी विचारलं, "कसं कळतं गं?"

"ताई, तुमी कधी घर सारवलंय का?"

मी नाही म्हटलं.

"मंग कसं सांगू? सारवताना जिमिनीचा उंचवटा हाताला लागतोच की. हे तसंच हाय. नुसतं जरा कडक."

माझ्या सगळ्या कॉलेजच्या शिक्षणाची किंमत त्या एका उत्तरात झाली, पण तो विषय वेगळा.

दसऱ्याला दहा दिवस उरले तेव्हा आवार साफ करायला बायका आल्या. त्यांची मुकादम धुरपताबाई; हंगामात बानूबाईही तिच्याच हाताखाली कापसातला कचरा वेचायची. धुरपताबाईचा आवाज असा की इंजिनाच्या भोंग्याची गरज पडू नये. ती खरादीच्या खोलीत डोकावली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अगं बया! बानू, हे काय बसवलंस? मारुती का म्हसोबा?"

"खराद हाय ती, आक्का. तीच आपली."

"आन शेंदूर?"

"उंच-खोल कळायला लावलाय."

"मला येडी समजतीस का? बायामानसानं शेंदूर लावलाय, आन वरून खरवडायलीस! अंगावर यील की गं देव!"

"आला तर त्येलाच म्हणंन, उरलेला पाट तू खरवड."

धुरपताबाईने कानाला हात लावले. पण दुपारपर्यंत खरादीच्या पायाशी हळदकुंकू पडलं होतं. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार आला. नानांनी सगळ्या बायकांना गोळा करून नीट समजावलं की हा रंग फक्त खुणेसाठी आहे, यात देवाधर्माचा संबंध नाही. बायकांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि नाना वळताच एकीने पाटावर चिमूटभर अक्षता टाकल्या. बानूबाई कुंचा घेऊन दाणा न दाणा वेचून काढायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी असते तर हाकलून दिलं असतं. तिने कुणालाही हाकललं नाही. तिचा सगळा जीव त्या ठिपक्यांत होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे ठिपके उठले. पाट खाली आला तशी त्यावरची टेकणही खाली आली होती, म्हणून मल्हारीने तिच्याखाली पितळेचा पातळ पत्रा घातला. मग दोघांनी पाट पुसला, तेल लावलं, आणि आता इंजिन चालू व्हायचीच खोटी.

खंडेनवमीला सकाळी खरादीच्या खोलीपुढे हीऽ गर्दी. एरवी पूजेला पाच-दहा माणसं असत. या वर्षी खराद जागृत झाल्याची बातमी झरीपर्यंत गेली होती, आणि प्रत्येकाच्या हातात नारळ. पुढे किशनराव, डोक्याला नवा लाल फेटा. मागे धुरपताबाई आणि तिची फौज. बानूबाईने ते पाहिलं आणि खरादीच्या आडवी उभी राहिली. मल्हारी तिच्या मागे. त्याला दिसत नव्हतं, पण किती माणसं आहेत ते आवाजावरून कळत होतं.

"सर बाजूला," किशनराव म्हणाले.

"मालक, नारळ इथं न्हाई फोडायचा."

नानांना एकदम खोकला आला.

"माझ्या बापापासून इथंच फोडतोय आम्ही."

"व्हय. त्येचाच खड्डा पडलाय. म्हैनाभर तेच तर निस्तरायलेय मी."

किशनरावांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "बाई, तू मला शिकवायलीस? सगळ्यांच्या देखत?"

मल्हारीने मागून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि मालकाला उत्तर देण्याऐवजी मागे बघून हाक मारली.

"धुरपताआक्का! तुमी सांगा. शेंदूर लावलाय म्हंजी हा देव हाय का न्हाई?"

"हाय की! मी तर पैल्या दिवसापासून बोंबलायलेय!"

"मंग मला एवढंच सांगा. देवाच्या टाळक्यावर नारळ फोडतेत, का देवापुढं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. धुरपताबाईने मालकाकडे पाहिलं, खरादीकडे पाहिलं, आपल्या हातातल्या नारळाकडे पाहिलं.

"पुढंच फोडतेत," ती शेवटी म्हणाली. आणि मग आवाज चढवून, जणू ही गोष्ट तिलाच आधी सुचली होती, "टाळक्यावर कुठं फोडतेत का, मालक? उंबऱ्यापाशी धोंडा मांडा रे कुणीतरी! आन आत कुणी दाणा टाकायचा न्हाई, सांगून ठेवते! देवाला टोचतंय!"

किशनरावांनी फेटा सारखा केला. मालक म्हणून त्यांना रागवायचं होतं, पण सगळा गाव देवाच्या बाजूने झालेला. ते वळले आणि उंबऱ्याबाहेरच्या धोंड्यावर नारळ फोडला. मागोमाग पाऊणशे नारळ फुटले. पाटावर थेंब उडाला नाही. नानांना जे विज्ञानाने जमलं नाही ते तिने देवाकडून करून घेतलं.

पण खरी परीक्षा दसऱ्याला होती. सकाळी इंजिन धडधडू लागलं, पट्टा फिरला, खरादीने वेग घेतला. मल्हारीने रूळ अडकवला. हाताने सवयीने सगळं केलं, कुणाला शंका आली नसती. गाडी चालवायला तोच उभा राहिला, बानूबाई हत्यारापाशी. चामड्याचा कीस फितीसारखा निघत होता. ती हळूच सांगायची, "जरा आत," आणि तो मूठ तेवढीच फिरवायचा. रूळ कातून झाला. पट्टा थांबला.

किशनरावांनी माप घ्यायचा कंपास उचलला आणि तो नानांकडे न देता मल्हारीपुढे धरला. "तूच माप. आणि आकडा सांग."

कंपास मोजपट्टीला लावून आकडा वाचावा लागतो, आणि तो मल्हारीला दिसणं शक्य नव्हतं.

त्याने कंपास घेतला. डोक्याकडच्या टोकावर तो अलगद बसेल असा पक्का केला आणि हलवून पाहिला. मग तसाच उचलून मधल्या भागावर नेला. मग टेकणीकडच्या टोकावर. तिन्ही ठिकाणी कंपास तेवढाच घासून गेला. सैल नाही, घट्ट नाही.

"सारखं हाय," तो म्हणाला.

"आकडा?"

मल्हारीने कंपास खाली ठेवला. "आकडा मला दिसत न्हाई, मालक. एक डोळा कवाच गेला, दुसरा जायलाय. ते मी लपवलं, खोटं वागलो. पण पाट झिजला व्हता, ते खोटं न्हवतं."

नानांनी पुढे होऊन पट्टीने मोजलं. एका टोकाला, दुसऱ्या टोकाला. पुन्हा एकदा. "तंतोतंत," ते म्हणाले.

"मग पाट कुणी केला?" किशनरावांनी विचारलं.

"हिनं."

किशनरावांनी बानूबाईच्या फडकी बांधलेल्या मनगटांकडे पाहिलं. किशनराव रागीट होते, हेकट होते, पण दिलेला शब्द फिरवणारे नव्हते. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"टोकं सारखी आली तर राहा म्हणालो होतो," ते म्हणाले. "माप डोळ्यांनी घ्यायचं का हातांनी, ते बोललो नव्हतो. राहा." मग बानूबाईला, "आणि यंदा तू कचरा वेचायला येऊ नकोस. दिवाळीपर्यंत सगळे रूळ झाले पाहिजेत. नवऱ्याजवळ उभी राहा."

"आता मला एक बाई कमी पडंल की!" धुरपताबाई मागून ओरडली, आणि मग तीच पहिली हसली.

मल्हारी चाचपत खोलीतल्या बाकावर जाऊन बसला आणि पुष्कळ वेळ दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसून राहिला. बोरीला जायचं नव्हतं, एवढं अंगात मुरायला वेळ लागला असावा.

त्या हंगामात फुटक्या सरकीची एकही तक्रार आली नाही. पुढच्या वर्षी नानांनी मल्हारीला हैदराबादला नेऊन मोतीबिंदू काढवला. एका डोळ्याने बरं दिसू लागलं, तेही जाड भिंगाचा चष्मा लावून. पण तोवर खरादीवरची बरीच कामं बानूबाईकडे गेली होती, आणि त्याने ती परत मागितली नाहीत. तो धार लावायचा, सामान निवडायचा आणि आल्या-गेल्याला बायकोच्या कामाबद्दल सांगायचा. तिच्यासमोर मात्र अजूनही 'हं'च.

पंचेचाळीसच्या मार्गशीर्षात सोनपेठकडच्या एका जिनाची बैलगाडी आवारात आली. आत मनगटाएवढा जाड, वाकलेला लोखंडी दांडा. गाडीवान दारातून आत आला आणि विचारू लागला, "मिस्त्री कुठं हायत?" मल्हारीने मानेनेच खरादीकडे खूण केली. गाडीवानाने तिकडे पाहिलं. नऊवारीचा ओचा खोचलेली बाई तेलाचे हात पुसत होती. तो मल्हारीकडे वळून म्हणाला, "मस्करी करू नका, मिस्त्री. लांबून आलोय."

तोवर बानूबाई गाडीपाशी पोचली होती. तिने दांड्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, मध्ये थांबली, थोडी मागे आली.

"मालकानं एका जागी वाकलाय म्हणून सांगितलं आसंल," ती गाडीवानाला म्हणाली. "दोन जागी वाकलाय. उतरव खाली, सावलीत ठिव."